बिस्किटाच्या जाहिरातीचा कॉलबॅक: चावा, कपडे आणि करारातली ‘कायमस्वरूपी’ ओळ

तिसरीघंटा:
30 सेकंदांच्या बिस्किटाच्या जाहिरातीसाठी कॉलबॅक आहे, म्हणजे पहिल्या ऑडिशननंतर पुन्हा बोलावलंय. सवय नाटकाची, कॅमेऱ्याची नाही. संवाद एकच, पुढे ‘चावा घेऊन हसणे’. शूटला खरंच दिवसभर बिस्किटं खावी लागतात का? कॉलबॅकला कपडे कुठले घालावेत? आणि कराराच्या मसुद्यात ‘सर्व माध्यमे, जगभर, कायमस्वरूपी’ असं आहे, मानधन एकरकमी. हे नेहमीचंच का?

टेकसतरा:
खावी लागत नाहीत, चावावी लागतात. ‘कट’ झालं की थुंकायला बादली असते. ती कुठे आहे ते पहिल्या टेकआधीच बघा, दिसली नाही तर मागून घ्या. एका चाव्याचे 20-25 टेक सहज होतात आणि गिळत राहिलं की दहाव्यानंतर ते चेहऱ्यावर दिसायला लागतं.

बिस्किट तोंडाकडे आणा, तोंड बिस्किटाकडे नेऊ नका. क्लोजअपमध्ये फोकस जेमतेम बोटभर जागेत असतो, मान पुढे गेली की डोळे धूसर. चावा छोटा घ्या. मोठा घेतला तर गाल फुगतो आणि पुढचं वाक्य तोंडातच अडकतं. ओठ मिटून दोन-तीनदा चावायचं, मग हसू, तेही आधी डोळ्यांत. छापाची बाजू लेन्सकडे हवी. पुडा खालच्या टोकाला धरा म्हणजे नाव झाकलं जात नाही, आणि वरचं टोक किंचित पुढे झुकवा, नाहीतर वेष्टनावर दिव्याची चकाकी येते. हाताला हे अवघडल्यासारखं वाटतं, पडद्यावर सहज दिसतं.

कुठल्या हाताने, कितव्या शब्दाला उचललं हे पक्कं ठेवा. वाइड (लांबून घेतलेला शॉट) आणि क्लोजअप वेगवेगळ्या वेळी घेतात; जुळले नाहीत तर तुमचा सगळ्यात छान टेक एडिटला फुकट जातो. दर टेकनंतर पाण्याचा घोट आणि आरसा, कारण चुरा दातांत आणि ओठांच्या कोपऱ्यात बसतो. अॅलर्जी असेल तर आधीच सांगा. टेबलावरचं सगळं खाण्यालायक नसतं, काही नमुन्यांना नुसत्या दिसण्यासाठी गोंद किंवा ग्लिसरीन लावलेलं असतं. फूड स्टायलिस्टने हातात दिलेलंच तोंडात घाला.

पडद्यामागे:
कपडे पहिल्या ऑडिशनचेच, केसही तसेच. क्लायंटने त्या टेपमधला माणूस निवडलाय. फक्त कपड्यांवर बारीक रेघा असतील तर बदला, कॅमेऱ्यात त्या थरथरतात. सुरुवातीला नाव, उंची, दोन्ही प्रोफाइल (चेहरा डाव्या-उजव्या बाजूने) आणि हाताचे पंजे पुढून-मागून दाखवायला सांगतील. बिस्किट हातात येणार, तेव्हा नखं बघतातच.

नाटकवाल्यांची चूक आवाजात कमी, भुवयांत जास्त असते. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबात दोन सेकंदांचा शॉट म्हणजे 50 फ्रेम, त्यात एकच भाव मावतो. पहिला टेक चांगला झाला तरी ‘आता वेगळं करा’ म्हणतील. तो नकार नसतो, सूचना किती पटकन घेता ते पाहतात.

कागदीघोडा:
कायमस्वरूपीची ओळ बऱ्याच मसुद्यांत असते, म्हणून ती मान्य करावी असं नाही. शूटच्या दिवसाचे पैसे वेगळे, चेहरा वापरण्याचे वेगळे. एकरकमी बायआउटमध्ये दोन्ही एकत्र बांधलेले असतात. मुदत एक वर्ष मागा आणि नूतनीकरणाची रक्कम आत्ताच लिहून घ्या. वर्ष कधीपासून मोजायचं तेही लिहा. नुसतं ‘पहिल्या प्रक्षेपणापासून’ असेल तर फिल्म दोन वर्षं पडून राहिली तरी तुम्ही बांधलेलेच. तुलनेसाठी: अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेच्या करारात वापर 13-13 आठवड्यांनी मोजतात, आणि साधारण 21 महिन्यांनंतर पुन्हा बोलणी.

त्याहून घातक कलम एक्सक्लुझिव्हिटीचं, म्हणजे त्या प्रकारच्या दुसऱ्या मालाची जाहिरात न करण्याचं. ‘बिस्किटे’ लिहिलंय की ‘खाद्यपदार्थ’? दुसरं असेल तर चहा-चॉकलेटच्या जाहिरातीही गेल्या. आणि वापर कायमचा, तर ही बंदीही कायमची होऊ शकते. तिला स्वतंत्र शेवटची तारीख हवी. पुड्यावरचा फोटो आणि चेहऱ्या-आवाजाची डिजिटल नक्कल, दोन्हींसाठी वेगळी लेखी परवानगी.

तिसरीघंटा:
निवडीआधीच हे काढलं तर काम जाणार नाही ना?

कागदीघोडा:
कॉलबॅकच्या खोलीत काढूच नका, तिथे करारावर कोणी बोलणार नाही. तारखा ‘होल्ड’ करायला, म्हणजे तुमच्याकडून राखून घ्यायला, फोन येईल तेव्हा विचारा, तेही लेखी. होल्ड म्हणजे निवड नव्हे. त्याच तारखांना दुसरं काम आलं तर इथे आधी कळवायचं: पक्कं करा, नाहीतर तारखा सोडा. कपड्यांच्या फिटिंगच्या आधी हे मिटलं पाहिजे. मेकअपच्या खुर्चीत कागद पुढे आला की वाचायला वेळच नसतो.

टेकसतरा:
एक राहिलं. कॉलबॅकला बिस्किट देतीलच असं नाही, रिकाम्या हातानेच चावा घ्यायला लावतात. घरी खऱ्या बिस्किटावर सराव करा. बोटांमधलं अंतर आणि चाव्यानंतर उरलेल्या तुकड्याचं माप तेवढंच राहिलं पाहिजे. बहुतेकांची बोटं चावताक्षणी मिटतात.