दोर्दोन्यच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकलने पाच दिवस : रोजचे ८० किलोमीटर ठेवावेत का?

प्रश्न : दगडवाट

नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी धाकटी बहीण फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकलने, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवरही चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकलने, फिरण्याचे ठरवत आहोत. पॅरिसहून रेल्वेने ब्रीव येथे उतरायचे, तेथून कोलोंज-ला-रूज, कुर्मोंत, कारेनाक, रोकामादूर, सुयाक, दोम आणि बेनाक अशी गावे व किल्ले पाहत सार्ला गाठायचे आणि परतीची गाडी पकडायची, असा मूळ बेत आहे. त्याला मी उत्तरेकडील लास्कोची प्रागैतिहासिक चित्रांची गुहा आणि दक्षिणेकडील मोंपाझिए हे गाव जोडले, तेव्हा नकाशावरील आकडा ४०० किलोमीटरपर्यंत गेला, म्हणजे पाच दिवसांत रोज ८०.

डांबरी रस्त्यावर मी एवढे अंतर सहज कापते. बहिणीला मात्र ५० किलोमीटरनंतर थकवा जाणवतो, आणि दोघींनाही सामानासह कच्च्या रस्त्यावर सलग दिवस चालवण्याचा अनुभव नाही. आमच्या सायकलींना ३८ मिलिमीटरचे टायर आहेत. हा बेत झेपण्यासारखा आहे का, आणि नसल्यास त्यातून काय वगळावे? लुआर नदीकाठचा सपाट मार्ग घ्यावा, असेही एकाने सुचवले आहे.

उत्तर १ : चुनखडी

आपल्या मूळ मार्गाचे सरळ अंतर २०० किलोमीटरच्या आतच भरते, तेव्हा बेत वाईट नाही, त्याला लावलेली शेपटे जड झाली आहेत. माझा सल्ला असा की, लास्को आणि मोंपाझिए दोन्ही वगळून कच्च्या वाटांच्या वळणांसह रोज ४० ते ४५ किलोमीटर धरावेत. त्या भागात अंतरापेक्षा चढच दिवस खातात. गावे आणि किल्ले संरक्षणासाठी कड्यांवर बांधलेले असल्याने पाहण्यासारखे जे काही आहे ते बहुतेक वर असते आणि नदी, पूल व मुक्कामाच्या स्वस्त जागा खाली असतात. नदीकाठच्या सेनाक गावाहून दोमपर्यंतचा रस्ता लांबीने किरकोळ असला तरी नदीपासून सुमारे १५० मीटर उंच चढतो, आणि बेनाकच्या किल्ल्याची गत तीच आहे. असे दोन-तीन चढ एका दिवसात आले की सामान लादलेल्या सायकलीवर ४५ किलोमीटरसुद्धा भरपूर होतात.

शिवाय, किल्ल्याच्या दारापर्यंत जाऊन आत न शिरता पुढचा टप्पा गाठण्यासाठी निघावे लागणे, ही मला सर्वांत वाईट सायकल सहल वाटते. दोर्दोन्यच्या दोन तीरांवर बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले एकमेकांच्या नजरेसमोर उभे आहेत. शतवर्षीय युद्धात त्यातील एक फ्रेंचांकडे, तर दुसरा बराच काळ इंग्रजांकडे होता. कास्तेलनोत आज मध्ययुगीन युद्धकलेचे संग्रहालय आहे आणि तटावर दगडफेकी यंत्रांच्या पूर्णाकृती प्रतिकृती मांडलेल्या आहेत. त्यांच्याशेजारी उभे राहून समोरच्या किल्ल्याकडे पाहिले, म्हणजे ही नदी एके काळी सीमारेषा होती याचा अर्थ कळतो. त्यासाठी निदान अर्धा दिवस हातात हवा.

मार्गाचा आरंभ मात्र आपण उत्तम निवडला आहे. कोलोंज हे गाव लोहयुक्त लाल वालुकाश्माचे आहे, आणि ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ ही संघटना १९८२ मध्ये तेथूनच सुरू झाली. त्याच्या जवळूनच एक भूस्तरभंग जातो, त्यामुळे दक्षिणेकडे वळल्यावर थोड्याच वेळात चाकाखालची जमीन बदलते आणि लाल माती संपून पांढरी चुनखडी सुरू होते. पहिल्या दुपारी माझ्या सायकलीच्या खालच्या नळीवर लाल चिखल वाळला होता आणि संध्याकाळपर्यंत त्यावर पिठासारखी पांढरी धूळ बसली होती. ती मी बरेच दिवस पुसली नाही. कुर्मोंतला एका दिवसात किती किल्ले होतात हे मोजू नये, कारण त्या एवढ्याशा गावातच तीन आहेत.

उत्तर २ : कडेकपार

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. मी रस्त्याच्या पृष्ठभागाविषयी लिहितो, कारण माझी फजिती तेथेच झाली.

त्या भागात ग्रॅव्हल म्हणून जे मिळते ते तीन प्रकारचे असते. शेतांकडे व अक्रोडाच्या बागांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली असते, तिला स्थानिक लोक कास्तीन म्हणतात, आणि तिच्यावर ३८ मिलिमीटरचे टायर मजेत धावतात. दुसरा प्रकार पठारावरील जुन्या गाडीवाटांचा. दोन्ही बाजूंना बिनचुन्याच्या दगडी भिंती, मध्ये गवताची पट्टी आणि चाकोरीत मुठीएवढे सुटे दगड असतात. येथे ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आणि कमी हवा असेल तर मनगटे वाचतात. सायकलीच्या चौकटीत तेवढी जागा असल्यास टायर बदलूनच जावे. तिसरा प्रकार म्हणजे ज्या पायवाटांना नकाशावरील ॲप ‘सायकल शक्य’ म्हणते, त्या पायवाटा.

मी ग्रामा नावाच्या गावाकडून रोकामादूरला आल्झू ओढ्याच्या घळीतून गेलो. नकाशावर ती हिरवी रेघ फारच मोहक दिसत होती. मोडकळीस आलेल्या जुन्या गिरणीपाशी पोहोचेपर्यंत वाट हातभर रुंद झाली, शेवाळलेल्या दगडांवर पुढचे चाक दोनदा निसटले, आणि उरलेला बराच मार्ग सायकल खांद्यावर घेऊन पार करावा लागला. समोरून येणाऱ्या एका वृद्ध दांपत्याने बाजूला सरून मला वाट दिली, तेव्हा ओशाळल्यासारखे झाले. ती वाट त्यांची होती, माझी नव्हे. पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे दिसले की तो दीर्घ पल्ल्याच्या पदयात्रेचा मार्ग आहे हे ओळखावे, आणि सायकलीसाठी आखलेल्या मार्गाची खूण, म्हणजे एक त्रिकोण आणि दोन वर्तुळे, शोधावी. रोकामादूरला कड्यावरच्या लोस्पिताले या वस्तीकडून यावे. कड्याला चिकटलेल्या गावाचे दृश्यही तेथूनच चांगले दिसते, आणि सायकल वर ठेवून उतरता येते. यात्रेकरूंच्या २१६ पायऱ्यांवर तिचा काही उपयोग नाही.

गिअरबाबत एवढेच सांगतो की, सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागचे चक्र पुढच्याएवढे किंवा त्याहून मोठे नसेल, तर दोमच्या चढावर उतरून चालावे लागेल.

उत्तर ३ : शांतचाक

माझे मत थोडे वेगळे आहे. लास्को खुशाल वगळा. मूळ गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९६३ पासून सर्वसाधारण लोकांसाठी बंद आहे, आपल्याला पाहायला मिळेल ती प्रतिकृती, आणि ती पुढे कधीही पाहता येईल. मात्र मोंपाझिए सोडताना मला हळहळ वाटली असती. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ मध्ये वसवलेल्या त्या गावाचे काटकोनात आखलेले रस्ते आणि कमानींनी वेढलेला चौक आजही जवळजवळ तसेच आहेत, आणि तेथे गर्दीही सार्लापेक्षा कमी असते. अर्थात ते आपल्या मार्गापासून बाजूला पडते, म्हणून एक दिवस वाढवता आला तरच विचार करावा.

लुआरच्या सूचनेबद्दल म्हणाल, तर तो मार्ग सोपा आणि खुणांनी सजलेला आहे यात शंका नाही, आणि बहिणीची अडचण केवळ चढांची असती तर मीही तोच सुचवला असता. पण तेथील शांबोरसारखे वाडे हे राजांनी शिकारीसाठी आणि थाटासाठी बांधलेले प्रबोधनकालीन महाल आहेत. शांबोरचे काम १५१९ मध्ये सुरू झाले. तटबंदीची गावे आणि कड्यावरचे किल्ले पाहायचे असतील तर दोर्दोन्यला पर्याय नाही. बहिणीसाठी शेवटचा दिवस हलका ठेवता येईल, कारण सार्लाकडे जाणारा जुना रेल्वेमार्ग आता डांबरी सायकलमार्ग झाला आहे, आणि रेल्वेचा असल्यामुळे त्याला चढ जेमतेम आहे.

प्रश्नकर्ती : दगडवाट

सर्वांचे मनापासून आभार. ८० चा हट्ट सोडला, आणि मोंपाझिएही या वेळी नाही. बहिणीला हे वाचून दाखवले तेव्हा तिने फक्त ‘मी हेच सांगत होते’ एवढे म्हटले. तिसरा दिवस कारेनाकहून पादिराकमार्गे रोकामादूर असा ठरला आहे. त्या दिवसासाठी प्रत्येकी दोन बाटल्या पाणी पुरेल ना? आम्ही सोमवारी ब्रीवहून निघू.

उत्तर ४ : चुनखडी

कदाचित पुरणार नाही. कारेनाक सोडून पठारावर चढलात की नदीचा संबंध संपतो. चुनखडीच्या भेगांतून पावसाचे पाणी थेट जमिनीत जाते, म्हणून वर ओढे जवळजवळ नाहीत आणि खाली मात्र नदी वाहते. पादिराकचे विवर ७५ मीटर खोल आहे आणि तळाशी होडीतून नेतात, तेव्हा हेच हरवलेले पाणी दिसते. वर मात्र गावातील नळावर किंवा दफनभूमीच्या दाराशी असलेल्या नळावर बाटल्या भरून घ्याव्यात. ‘ओ नों पोताब्ल’ असा फलक असेल तर ते पाणी पिण्याचे नव्हे. उन्हाचा दिवस असेल तर तिसरी बाटली न्याच.

सोमवारची गोष्ट बरी सांगितलीत. खेड्यांतील पावाची दुकाने व खानावळी त्या दिवशी बहुधा बंद असतात आणि इतर दिवशीही दुपारचे जेवण १२ ते २ याच वेळात मिळते, तेव्हा पहिल्या दिवसाचा पाव आणि चीज ब्रीवमध्येच घ्यावे. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शिकारीचा हंगामही बहुतेक सुरू झालेला असतो. रानाच्या तोंडाशी ‘शास आँ कूर’, म्हणजे ‘शिकार चालू आहे’, असा फलक लावलेला दिसला तर त्या वाटेने जाऊ नये आणि अंगावर भडक नारिंगी जाकीट असू द्यावे. पॅरिस ते ब्रीव गाडीत सायकलीची जागा तिकिटाबरोबरच राखून ठेवावी लागते. प्रत्येक सायकलीचे १० युरो पडतात आणि डब्यात जागा मोजक्याच असतात, म्हणून ते काम आजच उरकावे.