‘पार्श्वहल्ला’ बाजूने की मागून?

टिळकवाडीकर :
प्राचीन युद्धे छोट्या प्रतिकृतींनी पटावर खेळण्याचे ‘डीबीए’ नावाचे नियम 1990 साली निघाले. बेळगावातल्या आमच्या मुलांसाठी ते मी मराठीत आणतो आहे. ‘फ्लँक’ला, म्हणजे फौजेच्या बाजूला, ‘पार्श्व’ लिहिले, तर एका मुलाने घोडदळ वळसा घालून थेट शत्रूच्या पाठीमागे नेले, कारण पार्श्वसंगीत आणि पार्श्वभूमी ऐकत वाढलेल्याला पार्श्व म्हणजे मागचेच वाटणार. नियमात मात्र बाजूने भिडताना आपली पुढची कड शत्रूच्या बाजूच्या कडेला लागावी लागते आणि दोघांचे पुढचे कोपरे जुळावे लागतात. कोणता शब्द घ्यावा?

निपाणीकर :
शब्द निर्दोष आहे. पर्शु म्हणजे बरगडी, तिच्यावरून पार्श्व. बिघडवला तो सिनेमावाल्यांनी. तरीही नको असेल, तर कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात व्यूहाचे उरस्य (मधला भाग), कक्ष (बाजू), पक्ष (टोके) आणि प्रतिग्रह (मागची राखीव फौज) असे भाग दिलेच आहेत. ‘कक्षहल्ला’ म्हणा, म्हणजे फारसीपुढे हात पसरायला नको.

खानापूरची सून :
‘कक्ष’ वाचून मुले दवाखान्यातली खोली शोधतील. शिवाय कक्ष म्हणजे मुळात काख, आणि ज्या फारसी ‘बगले’ला आपण नाक मुरडता, तीही काखच. मग सगळ्यांच्या तोंडातली बगल काय वाईट?

कॅम्पातला :
ताई, ‘शत्रूला बगल दिली’ म्हणजे त्याला टाळले. त्यातून चढाई कशी कळणार? माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, ते आजही ‘डावा फ्लँक’ म्हणतात आणि कुणाचे अडत नाही. खरा प्रश्न परिणामाचा आहे. बाजूला शत्रू भिडला, की फाशाच्या बेरजेतून 1 वजा होतो, पण तेवढ्याने कुणी मरत नाही. मरण येते ते हरल्यावर, कारण समोरासमोर हरून नुसती मागे सरली असती ती तुकडी बाजू धरली गेल्यामुळे पटावरूनच उचलावी लागते. इ.स.पू. 216 मध्ये इटलीत कॅनीच्या लढाईत हॅनिबलने वेढलेल्या रोमनांना मागे सरकायला जागा उरली नव्हती, तोच हा प्रकार.

खानापूरची सून :
मग शत्रूची नुसते शेजारी पुढे उभे राहून 1 वजा करायला लावणारी तुकडी असते, तिलाही वेगळा शब्द लागेल. तिथे हरणारा मागे सरू शकतो. मी ‘कड दाबणे’ सुचवते, आणि बाजूसाठी ‘पाख’; घराच्या छपराला दोन पाखे असतात, तशीच फौजेला.

निपाणीकर :
पाखे चालेल, कारण ते पक्षावरून आले आहे.

कॅम्पातला :
आमच्याकडे कन्नड शेजारी बाजूला ‘पक्क’ म्हणतात. पाखे तिकडूनच आले असणार.

निपाणीकर :
अजिबात नाही. पक्क आणि पाख ही दोन्ही पक्षाचीच लेकरे आहेत. एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे म्हणायचे, तर आधी एखादा जुना लेख दाखवा.

कॅम्पातला :
लेख आपणच दाखवा सर, दावा आपला आहे. छपराचे पाखे चिकोडीकडचे सुतार काय म्हणतात, ते मी उद्या विचारतो.