देव 'निर्विकार' आहे, म्हणजे नक्की काय?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुणांच्या वर्गासाठी अँग्लिकन पंथाच्या श्रद्धेच्या ३९ कलमांचा मराठी मसुदा करते आहे. इंग्लंडमध्ये १५७१ साली पक्की झालेली ही कलमे. पहिलेच कलम देवाच्या स्वरूपाविषयी आहे. देव 'विदाउट बॉडी, पार्ट्स, ऑर पॅशन्स' आहे असे त्यात म्हटले आहे. मी लिहिले : 'अशरीरी, निरवयव आणि निर्विकार'.

पहिले दोन शब्द कुणालाच खुपले नाहीत. तिसऱ्यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "ताई, निर्विकार चेहरा म्हणजे ज्याच्यावर काहीच उमटत नाही तो. आजी दवाखान्यात होती तेव्हा मी रात्र रात्र प्रार्थना केली. ती अशा देवापुढे केली का?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. आमच्या वडीलधाऱ्या पाळकसाहेबांना विचारले, तर ते म्हणाले, लहानपणापासून प्रार्थनेत हाच शब्द ऐकत आलो, त्याला हात लावू नकोस. तुमच्याकडे हा शब्द कोणत्या अर्थाने चालतो? दुसरा एखादा सुचतो का?

व्याकरणवेडा
शब्द अगदी योग्य आहे, ठेवा. विकार म्हणजे मूळ स्थितीतून होणारा बदल. दही हा दुधाचा विकार. प्राचीन शब्दशास्त्री यास्काने निरुक्त या ग्रंथात वार्ष्यायणी या आचार्याच्या नावावर सहा भावविकार दिले आहेत : जन्मणे, असणे, पालटणे, वाढणे, झिजणे, नष्ट होणे. या सहांच्या पलीकडे जो आहे तो निर्विकार. 'निर्विकार चेहऱ्याने' हा वाक्प्रयोग कथा-कादंबऱ्यांनी रुळवला. त्यासाठी दर्शनांतला नेमका शब्द टाकून द्यायचा का?

वसईची लेक
व्याकरणवेडा, तुमच्या यादीत 'असणे' हाही विकार धरला आहे. ख्रिस्ती विचार नेमका इथे वेगळा होतो. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, १४व्या वचनात, देव मोशेला नाव सांगतो ते 'मी आहे' या शब्दांत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने त्यावरच सगळी मांडणी उभी केली. माणूस काय आहे ही एक गोष्ट आणि तो आहे ही दुसरी, देवाच्या ठिकाणी मात्र या दोन गोष्टी नाहीतच. देवाचे स्वरूप म्हणजेच त्याचे असणे. तेव्हा यास्काचे सहाही विकार जसेच्या तसे उचलून इकडे लावता येणार नाहीत.

आणि ताई, मूळ शब्द पाहा. 'पॅशन' लॅटिनमधल्या सोसण्याच्या क्रियापदावरून आला. आम्ही वसईकडे उपवासकाळात 'येशूचे दुःखसहन' म्हणतो, तो हाच शब्द. कलमाचे म्हणणे असे की देवावर बाहेरून कोणी काही लादू शकत नाही, त्याला भाग पाडू शकत नाही. त्याला काही वाटत नाही असे तिथे लिहिलेले नाही. अक्वायनसच्या मते राग, भीती, शोक हे शरीराला धरून असणारे क्षोभ आहेत, म्हणून ते देवात नाहीत. प्रीती आणि आनंद मात्र इच्छाशक्तीचे व्यापार आहेत, ते देवात आहेत आणि पूर्णत्वाने आहेत. तुमच्या त्या मुलीला एवढे सांगितले तरी तिच्या मनावरचे ओझे उतरेल.

सिडकोचे मास्तर
निरवयवबद्दल थोडे. एका जुन्या विद्यार्थ्याने 'डिव्हाइन सिंप्लिसिटी'चे भाषांतर 'देवाचा साधेपणा' असे करून मला दाखवले होते. मराठीत साधा देव म्हणजे ज्याला नैवेद्याला गूळखोबरे पुरते तो. इथे म्हणायचे आहे की देव तुकड्यातुकड्यांनी जोडलेला नाही. त्याचे ज्ञान, सामर्थ्य, चांगुलपणा ही वेगवेगळी अंगे नव्हेत. तेव्हा निरवयव उत्तम.

तिसऱ्या शब्दाला मी 'अविकारी' सुचवतो. शाळेत आपण विकारी आणि अविकारी शब्द शिकलो. लिंग, वचन, विभक्ती यांनी ज्याचे रूप बदलते तो विकारी, जे तसेच राहते ते अव्यय. मुलांना हा शब्द ओळखीचा आहे आणि त्यात थंड चेहऱ्याची छटा अजिबात नाही. विष्णुसहस्रनामात 'अव्यय' हे देवाचे नावही आहे.

देवळालीकर
मास्तर, आदर राखून बोलतो. निर्विकार, अविकारी, अव्यय हे सगळे पोथीतले शब्द झाले. पंडिता रमाबाईंनी अख्खे बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बोलीत आणले, ते साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापले गेले आणि १९२४ साली, त्यांच्या मागे, पूर्ण बाहेर पडले. दर्शनांतले शब्द आले की दर्शनांतला अर्थही मागोमाग येतो, याची त्यांना पक्की जाण होती. निर्विकार म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात निर्गुण ब्रह्म उभे राहते. ते आपल्या तारणाऱ्याचे रूप नव्हे. साधे लिहा : 'देवाच्या मनावर कोणाचाही ताबा चालत नाही.'

व्याकरणवेडा
एका विशेषणाच्या जागी सहा शब्दांचे वाक्य? कलमाची भाषा आटोपशीर असावी लागते. आणि निर्गुण म्हणजे निर्विकार नव्हे. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी सगुण आणि निर्गुण एकाच देवाच्या ठायी मानले. मराठी माणसाला त्याची अडचण वाटत नाही. हेच शब्द ख्रिस्ती लोकांनी वापरले तर बिघडते काय?

देवळालीकर
बिघडते. त्या शब्दांपासून दूर जायला आमच्या घरातल्यांनी मोठी किंमत मोजली आहे.

गोदाकाठची
दोघांचेही म्हणणे मनापासून ऐकते आहे. वसईच्या ताई, तुमचा मुद्दा पटला, पण माझी खरी अडचण वचनांचीच आहे. १ शमुवेल अध्याय १५ उघडा. ११व्या वचनात शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो. त्याच अध्यायात २९व्या वचनात शमुवेल म्हणतो, तो पस्तावायला काही मनुष्य नाही. मुले हे दोन्ही वाचतात. अविकारी लिहिले तर पहिले वचन अडते, भावनाशील लिहिले तर दुसरे. आणि मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशू रडला, त्याचे काय?

वसईची लेक
रडण्याचे उत्तर ४५१ सालच्या खाल्केदोनच्या चर्च-परिषदेने दिले आहे. एकाच ख्रिस्ताच्या ठायी देवस्वभाव आणि मनुष्यस्वभाव, मिसळून न जाता आणि वेगळे न पडता. रडला तो मनुष्यस्वभावाने, पण रडणारा देवाचा पुत्रच. त्याआधी अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल म्हणाला होता की त्याने 'न सोसता सोसले'. विरोधाभास वाटतो, पण तो मुद्दाम जपला आहे. एक टोक ओढले तर पिताच क्रुसावर मेला असे म्हणावे लागते. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने प्राक्सेयस नावाच्या शिक्षकावर हाच ठपका ठेवला होता. दुसरे टोक ओढले तर क्रूस निव्वळ देखावा ठरतो.

पस्ताव्याबद्दल जुने भाष्यकार म्हणतात, पालटला तो शौल. देवाच्या वागण्यातला फरक आपल्या बोलीत पस्तावा म्हणून सांगितला.

गंगापूररोड
तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आहे, म्हणून लिहितो. ही जुनी उत्तरे विसाव्या शतकात पुष्कळांना पुरली नाहीत. दीट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकाने नाझी तुरुंगातून जुलै १९४४ मध्ये लिहिले की दुःख सोसणारा देवच आपल्याला मदत करू शकतो. पुढे १९७२ मध्ये जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी उघडच मांडले की ज्याला दुःख होऊ शकत नाही त्याला प्रीतीही करता येणार नाही. मोल्टमान स्वतः युद्धकैदी होते. एवढा संहार पाहिलेल्या माणसापुढे मला तरी 'देव निर्विकार आहे' हे वाक्य उच्चारवत नाही. ताई, कलम जसे आहे तसे भाषांतरित करा, पण वर्गात सांगा की या शब्दावर चर्चमध्येच वाद आहे. त्या मुलीचा प्रश्न मोल्टमानचाच प्रश्न आहे.

वसईची लेक
वाद आहे हे खरे. पण उलटही विचार करा. बुडणाऱ्याला वाचवायला काठावर पाय घट्ट रोवलेला माणूस लागतो. माझ्या दुःखाने जो स्वतःच कोलमडेल त्याच्याकडे मी का जाऊ?

शरणपूरकर
उशिरा आलो. वर पाळकसाहेबांचा उल्लेख आहे, त्यांची बाजू मला मांडावीशी वाटते. शब्दाचा चालू अर्थ बदलला म्हणून शब्द टाकायचा, तर आपल्या नाशिकच्या शरणपुराचे काय करायचे? आज 'शरण आला' म्हणजे हरला. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत वसवली, ती आसऱ्याची जागा म्हणून. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे वाढली आणि शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये गेला तेव्हा त्याचे हृदय आफ्रिकेत पुरताना प्रार्थना याने वाचली. नंतर शवाबरोबर लंडनपर्यंत गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला खांदा दिला. अशी माणसे ज्या नावाखाली वाढली त्याचा अर्थ 'पराभवपूर' असा कोणी लावत नाही. जुना अर्थ जागेने धरून ठेवला. निर्विकारचा अर्थही मंडळी धरून ठेवील, शिकवणारे हवेत.

एक मात्र खटकले. वर सगळे 'प्रीती' लिहितात. हल्लीच्या तरुणांच्या गाण्यांत सर्रास 'प्रेम' असते. 'देव प्रीती आहे' या वचनातली प्रीती घालवू नका. प्रेम सिनेमातले.

देवळालीकर
काका, उलट सांगतो. प्रीती आता फक्त चर्चमध्ये आणि मुलींच्या नावांत उरली आहे. आई मुलावर प्रेम करते असेच जो तो म्हणतो. वचन घराघरांत पोचवायचे तर प्रेमच हवे.

शरणपूरकर
ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, तेव्हा त्यांना ओवी-अभंगांतले शब्द चालले. प्रीती त्याच घरची आहे.

सिडकोचे मास्तर
प्रीतीवर आलोच आहोत तर लेखनाचे बघा. एकटा शब्द लिहिताना शेवट दीर्घ, 'प्रीती'. समासात मात्र मूळ ऱ्हस्व परत येतो : प्रीतिभोजन, प्रीतिरूप. नाताळच्या पत्रिकांवर दर वर्षी 'प्रीतीभोजन' छापलेले पाहतो.

देवळालीकर
मास्तर, आमच्याकडे त्या जेवणाला सगळे प्रीतीभोजनच म्हणतात, उच्चारही दीर्घच. बोलण्यात दीर्घ असेल तर लिहिण्यात ऱ्हस्व कशासाठी?

व्याकरणवेडा
कारण तो तत्सम सामासिक शब्द आहे. उद्या 'बुद्धीमान' लिहाल.

देवळालीकर
लिहितातच लोक. आणि वाचणाऱ्याला कळतेही.