मदत हवी आहे: चिऱ्याची विशिष्ट उष्माधारकता इतकी जास्त का येते?

नमस्कार. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. माझी मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने घराच्या भिंती उष्णता कशी साठवतात हा विषय घेतला आहे. आमचे घर जुने, चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) आहे. मे महिन्यात दुपारी आत गारवा असतो, परंतु पश्चिमेकडील भिंत रात्री जेवणे आटोपल्यावरही हाताला कोमट लागते. तिचा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

आम्ही केलेला प्रयोग असा. चिऱ्याचा २०० ग्रॅमचा कोरडा तुकडा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवला, चिमट्याने उचलून फडक्याने पुसला आणि थर्माकोलच्या पेल्यातील २८ अंश सेल्सिअसच्या ३०० ग्रॅम पाण्यात लगेच सोडला. ढवळत राहिल्यावर पाण्याचे तापमान ४० अंशांपर्यंत चढून स्थिरावले. पाण्याने घेतलेली उष्णता ३६०० कॅलरी झाली आणि चिरा ६० अंशांनी थंड झाला, म्हणून विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ०.३० कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आली. बहुतेक दगडांसाठी हा आकडा ०.२० च्या आसपास असतो असे मी वाचले आहे.

आमच्या पद्धतीतच दोष असेल म्हणून २०० ग्रॅम लोखंडी बोल्ट घेऊन तोच प्रयोग केला. तेव्हा पाणी २८ वरून ३३ अंशांवर गेले आणि उत्तर ०.११ आले, म्हणजे लोखंडाच्या बाबतीत ते बरोबर आहे. मग चिऱ्यातच असे काय आहे? मुलीने वहीत एक निरीक्षण लिहून ठेवले आहे: तुकडा उकळत्या पाण्यात सोडला तेव्हा त्याच्या छिद्रांतून बराच वेळ बारीक बुडबुडे येत होते. प्रदर्शनाला आठ दिवस राहिले आहेत. चुकीचा आकडा फलकावर लावायची तिची तयारी नाही आणि माझीही नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, उत्तर तुमच्या मुलीच्या वहीतच आहे. बुडबुडे म्हणजे छिद्रांतून बाहेर पडणारी हवा, आणि तिच्या जागी उकळते पाणी आत शिरले. फडक्याने वरचे पाणी पुसले जाते, आतले नाही. लोखंड पाणी शोषत नाही, म्हणून तिथे उत्तर बरोबर आले. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १, म्हणजे दगडाच्या जवळजवळ पाचपट असल्यामुळे थोडे पाणीही हिशेब बिघडवते. तोच तुकडा पुन्हा अर्धा तास उकळून, पुसून तराजूवर ठेवा आणि वजन किती वाढले ते कळवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. आत्ताच करून पाहिले. वजन २२० ग्रॅम भरले.

प्रतिसाद २

म्हणजे २० ग्रॅम पाणी आत होते. ते ६० अंशांनी थंड होताना त्याने १२०० कॅलरी दिल्या. त्या ३६०० मधून वजा केल्या की चिऱ्याच्या वाट्याला २४०० उरतात, आणि २४०० ला २०० गुणिले ६० ने भागले की ०.२० येते.

मात्र पहिला प्रयोग वाया गेला असे मानू नका. ओल्या तुकड्याचे सगळे वजन, म्हणजे २२० ग्रॅम, धरले तर आकडा ०.२७ येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात भिंती भिजतात तेव्हा हाच आकडा अधिक जवळचा ठरतो. कोरडा आणि ओला असे दोन्ही आकडे फलकावर शेजारी शेजारी मांडावेत. भिंत रात्रीपर्यंत कोमट राहते त्याचे मोठे कारण मात्र तिचे वजन आहे. विशिष्ट उष्माधारकता एका ग्रॅमची असते, आणि भिंतीत चिरे किती आहेत ते मोजून, एका चिऱ्याचे वजन करून, मुलीला पूर्ण भिंतीची उष्माधारकता काढता येईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

ती पट्टी घेऊन भिंतीपाशी गेली आहे. अंगणात एक सुटा चिरा पडलेला आहे, तो उद्या दुकानातील काट्यावर तोलून आणते आणि हिशेब इथेच लिहिते.