मोका या स्मरण-विचार तपासणाऱ्या चाचणीत ३० पैकी २७, पण चहा करता येत नाही. ऑक्युपेशनल थेरपीने फरक पडेल का?

पिंपळगावची_सून:
आमच्या ह्यांचा डिसेंबरात आडगावजवळ हायवेला मोटारसायकलवरून अपघात झाला. वय ४१. हेल्मेट नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्धी मोजणारा ग्लासगो स्केल १५ पैकी ७ होता. कपाळामागच्या भागात मार आहे. आता पाच महिने झाले. चालतात, बोलतात, दहा वर्षांपूर्वीचा द्राक्षाचा भाव सांगतात. मोका चाचणीत २७ आले, डॉक्टर म्हणाले छान आहे. पण घरी "चहा करतो" म्हणून उठतात आणि गॅससमोर नुसते उभे राहतात. "पातेलं ठेवा" म्हटलं की ठेवतात, मग परत थांबतात. परवा साखर दोनदा टाकली. बाकी दिवसभर पलंगावर. सासूबाई म्हणतात, अंग चोरतोय. ऑक्युपेशनल थेरपी लिहून दिली आहे, पण यांचे हात तर धडधाकट आहेत! ट्रॅक्टर चालवू द्या म्हणून रोज भांडतात. कोणी अनुभव सांगाल का?

ओटी_कॉलेजरोड:
ताई, मी नाशिकमध्ये १४ वर्षं हेच काम करते. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे हाताचा व्यायाम, हा समज आधी मनातून काढा. माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठीची ही थेरपी आहे.

"पातेलं ठेवा म्हटलं की ठेवतात" हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. काम येतं, पण सुरुवात होत नाही आणि एका पायरीवरून दुसरीवर जाता येत नाही. कपाळामागच्या भागाला इजा झाली की असं होतं. चाचणीच्या खोलीत प्रत्येक प्रश्न समोरचा विचारतो, म्हणजे सुरुवात तोच करून देतो. म्हणून तिथे २७ येतात. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या शॅलिस आणि बर्जेस यांनी अशाच रुग्णांना बाजारातली साधी कामं देऊन पाहिली. कागदावर हुशार ठरलेली माणसं तिथे अडखळली. मीही रुग्णाला रविवार कारंजावर नेते: केळी आणा, पोस्टातून एक पाकीट घ्या, सीबीएस बसस्टँडवर बसची वेळ विचारून या. एक जण केळी घेऊन हसत परत आले, उरलेली दोन कामं डोक्यातून पार गेलेली. केळी मात्र घासाघीस करून आणली होती! आम्ही गुणांपेक्षा कुठे आणि किती मदत लागली ते लिहून ठेवतो: नुसतं विचारावं लागलं, बोट दाखवावं लागलं, की हात धरावा लागला. तुम्हीही आठवडाभर चहाच्या वेळी एवढं टिपून ठेवा आणि ती वही थेरपिस्टकडे न्या.

चहाच्या पाच पायऱ्या त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या आणि गॅसमागच्या फरशीवर चिकटवा. अडले की उत्तर सांगू नका, कागदाकडे बोट दाखवा. मात्र "चुकेल तेव्हा शिकेल" हे इथे चालत नाही. स्मरण कच्चं असताना केलेली चूकच पक्की बसते. साखरेकडे हात दुसऱ्यांदा गेला की तिथेच थांबवा.

आणखी एक, जे सहसा कोणी विचारत नाही. त्यांना वास येतो का? डोक्याला मार बसला की नाकातल्या वासाच्या बारीक नसा तुटू शकतात. डोळे मिटायला सांगून कॉफी, जिरे नाकाजवळ धरा. कापूर नको, तो झोंबतो आणि वास आल्यासारखं वाटतं. वास येत नसेल तर सुटलेला गॅस कळणार नाही. तोवर गॅसजवळ एकटं सोडू नका.

ट्रॅक्टर, मोटारसायकल, फवारणीचा ब्लोअर तिन्ही बंद, न्यूरोसर्जन हो म्हणेपर्यंत. फिट येण्याचा धोका असतो. किल्ली तुमच्याकडे ठेवा, भांडण झालं तरी चालेल. पण शेतातलं दुसरं काम द्या. चहापेक्षा द्राक्षाची वेल त्यांच्या जिवाची आहे.

सातपूरचा_टर्नर:
वहिनी, सहा वर्षांपूर्वी मी यातूनच गेलो. आईंना सांगा, ते ढोंग नाही. दुपारनंतर मेंदूची मोटार ट्रिप व्हायची. कोणी मोठ्याने बोललं तरी डोकं फुटायला यायचं. कामं सकाळीच उरकायचो, जेवून तासभर झोप. खिशात वही असते, अजूनही. कामावर परत गेलो, पण लेथवर नाही, स्टोअरला.

पिंपळगावची_सून:
मॅडम, दादा, तीन आठवड्यांनी लिहितेय. कॉफीचा वास आला नाही. सासूबाईंना ते दाखवल्यावर त्या गप्प झाल्या, आता त्याच गॅसजवळ उभ्या राहतात. चहाला अजून दोनदा बोट दाखवावं लागतं. दुपारी पलंगावरच असतात.

रोज सकाळी सातला बागेत नेते. खरड छाटणीनंतरची विरळणी, म्हणजे वेलीच्या जास्तीच्या फुटी काढणं, चालू आहे. पहिल्या दिवशी तीच वेल पुन्हा पुन्हा बघत होते. परवा काम थांबवताना त्यांनी खिशातून लाल सुतळी काढली आणि शेवटच्या वेलीला बांधली. मी सांगितलं नव्हतं. काल सकाळी ओळीत शिरले, सुतळी सोडली आणि पुढच्या वेलीला हात घातला.

सुतळीचा अख्खा गुंडा आणून ठेवलाय.