उ: श्रीमंतीचा अंदाज कसा बांधायचा?

गाडी आणि फ्लॅट बघून माणसाची ऐपत कळते, हे मला पटत नाही. गाडीवरून फार तर ईएमआय कळतो. आयकर खात्यानेही हा प्रयोग केला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली 'सहापैकी एक' योजना आठवते का? घर, गाडी, फोन, क्रेडिट कार्ड, परदेशवारी, क्लबचं सभासदत्व, यातलं एक जरी असलं तरी विवरणपत्र भरा! पुढे घरोघरी फोन आले आणि त्या निकषाचं हसं झालं. 2006 मध्ये योजनाच गुंडाळली. तरी ती कल्पना गेलेली नाही. आजही वर्षाचं वीजबिल एक लाखावर किंवा परदेश प्रवासाचा खर्च दोन लाखांवर गेला, की उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भरावं लागतं.

माझ्या मते लाभांश, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते तो पैसा, जास्त बोलका. मोठ्या कंपन्यांचा सरासरी लाभांश बाजारभावाच्या एक-सव्वा टक्का धरा. आमचे एक काका अजून जुन्या स्कूटरवर भाजी आणायला जातात. त्यांचा आयकराचा फॉर्म भरताना लाभांशाचा आकडा दिसला, 1 लाख 20 हजार. म्हणजे शेअर्स साधारण एक कोटीचे! (चहा मात्र अर्धाच कप पाजला.)

अर्थात सगळे शेअर्स सरकारी कंपन्यांचे असतील तर हा हिशोब निम्म्यावरही येईल, कारण त्या लाभांश सढळ हाताने वाटतात. आणि ग्रोथ पर्यायातले म्युच्युअल फंड (जे नफा वाटत नाहीत, फंडातच ठेवतात) यात दिसतच नाहीत. सोनं आणि गावाकडची जमीन तर सोडूनच द्या.