मदत हवी आहे: शरीफसाहेबांची तत्त्वपदे मराठी अभंगात बसवताना मुद्रेचे (शेवटी येणाऱ्या कवीच्या खुणेच्या नावाचे) काय करावे?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या भजनी मंडळाला कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची (१८१९-१८८९) तीन तत्त्वपदे, म्हणजे अध्यात्मपर गाणी, एकादशीला मराठीत म्हणायची आहेत. मंडळींना कन्नड बोललेले कळते, वाचता येत नाही. साथीला पेटी, पखवाज, टाळ, ठेका भजनी.

शब्दशः भाषांतर केले तर चरण सात-आठ अक्षरांवर जातो आणि ६-६-६-४ चा मोठा अभंग मोडतो. ८-८ च्या लहान अभंगात मजकूर मावतो. कन्नडमधले दुसऱ्या अक्षराचे प्रास (ओळींचे दुसरे अक्षर जुळवणे) सोडून मराठीसारखे शेवटी यमक घेतले, ते कानाला बरे वाटते. पल्लवीचे, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीचे, ध्रुपद केले. इथवर जमले.

अडते ते मुद्रेपाशी. मोठ्या अभंगाच्या सहा अक्षरी चरणात ‘तुका म्हणे’ चार अक्षरांत आटोपते, पुढे दोन उरतात. ‘शिशुनाळाधीश’ सहाच्या सहा अक्षरे खातो, क्रियापदाला जागाच नाही. शिवाय तो कवी नव्हे, देव. म्हणून ‘शिशुनाळाधीश म्हणे’ केले तर अर्थच उलटतो. ‘शरीफ म्हणे’ पाचात बसते, पण त्यांची मूळ अंकिता (कन्नडमधली मुद्रा) पुसायला मन धजत नाही. सध्याचा कच्चा खर्डा, मोठ्या अभंगातला:

शिशुनाळाधीश । साक्षी असे आत ।
धरी माझा हात । गुरुपायी ॥

चाल लावताना मात्र पहिला चरण नुसता हाक मारल्यासारखा लोंबकळतो. निपाणी, चिकोडी, बेळगावकडे कुणी अशी पदे मराठीत गात असाल तर सांगा: अंकिता पहिल्याच चरणात ठेवता, की तिसऱ्यात नेऊन क्रियापद चौथ्यात टाकता?